लग्न आणि शेळ्या

वेल्गाच्या भाषेत
‘अ’च्या डोक्यावर आडवी रेघ असली की लग्न,
नसली की शेळ्या.
आपली शिरोरेघ अख्ख्या शब्दाला धरून असते,
तिच्याकडे ज्याची त्याची वेगळी.

आपल्याकडे ध चा मा झाला तेव्हा रक्त सांडलं म्हणतात.
लियेपायाच्या दैनिकात फक्त एवढंच छापून आलं,
की झाइगा आणि नोर्मुंड्स यांच्या शेळ्यांना
अगत्य येण्याचे करावे.

बंदरावर हसले, ट्राममध्ये हसले,
मासळीच्या कारखान्यात दुपारची शिफ्ट
पाच मिनिटं उशिरा सुरू झाली.
संपादक विस्वाल्दिस ओरडला नाही.
चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला,
म्हणाला, रेघ केवढीशी, खरंय,
पण नवऱ्या मुलाच्या बापाची दर शुक्रवारी
पाव पान जाहिरात असते.

तिनं टेबल रिकामं केलं.
दोन शब्दकोश, एक कात्री,
आणि कुणी पाणी न घालताही जगलेलं निवडुंग.

तेव्हापासून ती मुक्त.
कार्डावर तसं छापलंय: मुक्त पत्रकार, संपादक.
मुक्त म्हणजे उद्याचा दिवस कुणाचा
ते उद्याच कळणार.
कधी डबाबंद स्प्रॅटच्या मासिकाला बाराशे शब्द,
कधी गुडघ्याच्या ऑपरेशनची माहितीपत्रिका
(‘थोडं दुखेल’ की ‘दुखू शकतं’,
यावर डॉक्टरांशी पाऊण तास फोन),
कधी एखाद्या विधवेच्या ओट्याशी बसून
तिच्या खलाशी नवऱ्याचं आयुष्य
अडीच इंचांत बसवायचं.
बाई म्हणते, तो शिट्टी फार छान वाजवायचा,
हे राहू द्या.
वेल्गा दोन जहाजं काढते आणि शिट्टी ठेवते.

ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं
तिला एकदा एक नळी दाखवली,
जी वाजतच नाही, नुसती शोभेला.
लेखातून तेवढंच वाक्य कुणीतरी उडवलं.
ते तिनं वहीत जपून ठेवलंय.
अशी बरीच वाक्यं आहेत.
वही कुणी मागितलेली नाही.

पैसे येतात. नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा.
आठवण करून देणारी पत्रं ती स्वतःच लिहिते,
नम्र, एकही शब्द जास्त नाही,
शेवटच्या ओळीत किंचित समुद्रावरचा गारठा.
तिचं सगळ्यात चांगलं गद्य
लेखापालांच्या फायलींत पडून आहे.

फेब्रुवारीत हीटर एकाच खोलीत.
बोटं कापलेले हातमोजे घालून
ती सिमेंट कंपनीचा वार्षिक अहवाल तपासते,
आणि पान चौसष्टवर
स्वतःशीच खुदकन हसते:
‘कामगारांची घनता’.

सात वर्षांनी फोन आला.
‘मी झाइगा. शेळ्यांची.’
वेल्गाला काय बोलावं सुचेना.
पलीकडून हसू आलं आधी, मग कामाचं:
नोर्मुंड्स गेला, सासऱ्याची जाहिरातही गेली,
आता दुर्बेजवळ बत्तीस शेळ्या आहेत, खऱ्या,
चीज करते, लेबलं लिहून हवीत.
त्या दिवशी सगळे हसले ना, झाइगा म्हणाली,
त्यात मीच सगळ्यात जास्त हसले होते,
बुरख्याला पिना लावता लावता.
कुणी विचारलंच नाही.

बसनं गेली. चिखल, गवताचा आंबूस वास.
एका शेळीनं कच्च्या मसुद्याचा कोपरा खाल्ला.
सहा लेबलं, निम्मे पैसे रोख, निम्मे चीज.
शब्द छोटासाच होता तरी
तिनं तो चार वेळा तपासला,
या वेळी रेघ नाही ना म्हणून.

निघताना धारेच्या गोठ्यात तिला दिसलं
दाराच्या वर, काचेआड,
पिवळं पडलेलं कात्रण.
हात सवयीनं कोटाच्या खिशात गेला,
पेन्सिलीपर्यंत पोचला,
आणि तिथेच थोडा वेळ राहिला.

बस सहा वीसची होती.